सोलरचं काम कोणाला द्यावं? आधी पॅनेलखाली वाकून बघा

भाऊ, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही पुण्यात नोकरीला, आई-वडील अमळनेर तालुक्यातल्या गावी. घराचा पुढचा भाग स्लॅबचा, मागे जुनं धाब्याचं घर. वीजबिल अजून वारलेल्या आजोबांच्या नावावर. वापर महिन्याला सरासरी २८० युनिट, आणि येत्या उन्हाळ्यात एक एसी लावायचा विचार. हातात तीन कोटेशन आहेत. पहिलं १,६२,००० रुपयांचं, एकाच ओळीत: '३ किलोवॉट सोलर सिस्टिम, फिटिंगसह'. दुसरं १,९५,००० चं, दोन पानी. तिसरा म्हणतो ५ किलोवॉट घ्या, २,९०,००० लागतील, पण बिल कायमचं शून्य. यातला कोण निवडावा, आणि सगळ्यात स्वस्तवाला घेतला तर काय बिघडेल?

मी इलेक्ट्रिकल ठेकेदार. भुसावळ, यावल, रावेर या पट्ट्यात काम करतो. आधी घरांची वायरिंग आणि मोटारींचे स्टार्टर हेच काम होतं, आता बरंचसं सोलर. अमळनेरकडे मी काम घेत नाही, त्यामुळे तुमच्या तिघांपैकी कोणाला काम मिळालं तरी माझ्या खिशात काही येत-जात नाही.

तुम्ही विचारलंय 'कोणतं कोटेशन', पण ही तीन कोटेशनं एकाच मालाची नाहीतच. एकानं काय देणार ते लिहिलेलंच नाही, दुसऱ्यानं लिहिलंय, तिसरा वेगळ्याच मापाचं विकतोय. तुमची खरी अडचण मला वेगळी दिसते. तिसऱ्या वर्षी जुलैमध्ये इन्व्हर्टरवर (पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारं यंत्र) लाल दिवा लागेल, वडील फोन करतील, तेव्हा गच्चीवर कोण चढणार? तुम्ही पुण्यात. वडिलांना कनेक्टर कुठला आणि केबल कुठली ते कळायचं कारण नाही. म्हणजे माल निवडण्याइतकंच माणूस निवडणं महत्त्वाचं आहे, आणि माणूस कोटेशनवरून कळत नाही, त्याच्या जुन्या कामावरून कळतो.

आधी मापाचा प्रश्न मिटवून टाकू, म्हणजे तिसरं कोटेशन बाजूला ठेवता येईल. आपल्याकडे १ किलोवॉटला वर्षाची सरासरी काढली तर दिवसाला ४ युनिट धरायला हरकत नाही, म्हणजे महिन्याला १२०. साधारण ५४० वॉटची सहा पॅनेल लावली की ३.२४ किलोवॉट होतात, महिन्याला पावणेचारशे ते चारशे युनिट. पावसाळ्यात कमी, मार्च-एप्रिलला जास्त. मे महिन्यात ऊन सगळ्यात कडक म्हणून युनिटही सगळ्यात जास्त, असं लोक धरून चालतात. तसं होत नाही. पॅनेलवर लिहिलेले वॉट २५ अंश तापमानाला मोजलेले असतात. मे महिन्याच्या दुपारी पॅनेलचं स्वतःचं तापमान ६५ अंशांपर्यंत सहज जातं, आणि दर अंशाला उत्पादन साधारण ०.३ ते ०.३५ टक्का घटतं. म्हणजे भर उन्हात १२ ते १४ टक्के गेले. म्हणून जो ठेकेदार 'आपल्याकडे ऊन लई, दिवसाला सहा युनिट मिळतील' असं सांगतो, त्याच्या बाकीच्या बोलण्यातूनही तेवढीच वजावट करा.

प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत अनुदान पहिल्या दोन किलोवॉटला प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० असं मिळून ७८,००० रुपये आहे. तीनच्या वर कितीही लावलं तरी तेवढंच. म्हणजे चौथा आणि पाचवा किलोवॉट पूर्ण तुमच्या खिशातून. महिन्याला ६०० युनिट तयार करून तुम्ही करणार काय? महावितरण जास्तीचे युनिट पुढच्या महिन्यात ओढून नेतं, हे खरं. पण आर्थिक वर्ष संपलं की ३१ मार्चला हिशेब मिटतो, आणि उरलेल्या युनिटला मिळणारा भाव आपण वीज घेतो त्या भावापेक्षा बराच कमी असतो. एसीवाल्यांनी इथं एक गोष्ट लक्षात ठेवायची. हिवाळ्यात साठलेले युनिट ३१ मार्चला मिटतात आणि एसी सुरू होतो एप्रिलमध्ये. आपल्या उन्हाळ्याच्या तोंडावरच खातं रिकामं होतं. त्यामुळे 'हिवाळ्याचे युनिट एसीला वापरू' हे गणित जमत नाही. तरीसुद्धा तुमचा वर्षाचा एकूण वापर बघता ३ किलोवॉट बरोबर आहे. उन्हाळ्याचे दोन-तीन महिने थोडं बिल येईल, येऊ द्या. एसी लावून एक उन्हाळा काढा, गच्चीवर दोन पॅनेलची जागा मोकळी ठेवा. पुढे वाढवायचं झालं तर महावितरणकडे पुन्हा अर्ज करावा लागतो, एवढं आताच ठरवून ठेवा.

आणि बिल शून्य कोणाचंच होत नाही. युनिट शून्य झाले तरी स्थिर आकार येतोच. हे तिसऱ्या माणसाला माहीत नसेल असं मला वाटत नाही.

आता पहिलं कोटेशन. १,६२,००० मध्ये ३ किलोवॉट होऊच शकत नाही असं मी म्हणणार नाही. सरकारनं अनुदान ठरवताना पहिल्या दोन किलोवॉटला ५०,००० आणि तिसऱ्याला ४५,००० एवढी किंमत धरलेली आहे, म्हणजे तीनला १,४५,०००. बाजारात भाव गच्चीच्या उंचीप्रमाणे, स्ट्रक्चरप्रमाणे (पॅनेल ज्यावर बसतात तो लोखंडी सांगाडा), मालाप्रमाणे वर-खाली होतो. प्रश्न आकड्याचा नाही, एका ओळीचा आहे. त्या ओळीत पॅनेल डीसीआर आहेत का ते लिहिलेलं नाही. डीसीआर म्हणजे आतला सेल आणि वरचं पॅनेल, दोन्ही भारतात बनलेलं. अनुदान फक्त त्यालाच मिळतं. बाहेरच्या सेलची पॅनेल स्वस्त पडतात, आणि दिसायला दोन्ही सारखीच. तसली पॅनेल लागली तर १,६२,००० मधून ७८,००० वजा करायचा विचार सोडून द्या. प्रत्येक पॅनेलवर सिरियल नंबर असतो. कोटेशनमध्ये कंपनी, वॉट आणि 'डीसीआर' हा शब्द लिहून घ्या, आणि माल उतरला की पॅनेल वर चढवण्याआधी नंबरांचे फोटो काढून ठेवा. एकदा स्ट्रक्चरवर बसलं की मागचं लेबल वाचायला पाठीवर झोपावं लागतं.

कराचंही एक सांगतो, कारण जुनी कोटेशनं अजून फिरतायत. २२ सप्टेंबर २०२५ पासून सोलरच्या सामानावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. घरावरच्या पूर्ण कामात ७० टक्के सामान आणि ३० टक्के सेवा असं धरतात, त्यामुळे एकूण कर ८.९ टक्के पडतो, आधी तो १३.८ पडायचा. कोणी अजून जुना आकडा लावत असेल तर सरळ विचारा.

पॅनेल आणि इन्व्हर्टर या दोन वस्तूंवर लोक महिनाभर डोकं लावतात, यूट्यूब बघतात. माझा अनुभव असा की नावाजलेल्या कंपनीचं डीसीआर पॅनेल घेतलं की फरक फारसा उरत नाही. काम बिघडतं ते पॅनेलच्या खाली: लोखंड, केबल, कनेक्टर, अर्थिंग. आणि स्वस्त कोटेशनमध्ये पैसे वाचवलेले असतात ते नेमके तिथेच, कारण तिथं घरमालक बघत नाही.

लोखंडापासून सुरू करू. सहा पॅनेलचं वजन पावणेदोनशे किलोच्या आसपास, स्ट्रक्चरचं वेगळं. एवढ्यानं चांगल्या स्लॅबला काही होत नाही. वजनाची काळजी सगळे करतात, पण वारा खालून उचलतो त्याची कोणी करत नाही. आमच्या रावेर-यावलकडे मे-जूनच्या वादळात केळीचे बागच्या बाग आडवे होतात, हे तुम्ही पेपरात वाचतच असाल. तोच वारा गच्चीवर तिरक्या लावलेल्या पॅनेलखाली शिरतो. तुमच्याकडे केळी कमी असेल, वारा कमी नाही. साक्रीकडे डोंगरावर एवढ्या पवनचक्क्या कोणी हौसेनं नाही उभ्या केल्या.

दुसऱ्या कोटेशनमध्ये 'हॉट डिप गॅल्व्हनाईझ, ८० मायक्रॉन' असं लिहिलंय असं तुम्ही म्हणता, म्हणजे लोखंड वितळलेल्या जस्तात बुडवून चढवलेला गंज रोखणारा थर. चांगलं लक्षण आहे. गावातला फॅब्रिकेटर साधा एमएसचा (जस्ताचा थर नसलेला लोखंडी) पाईप आणतो, जागेवर वेल्डिंग मारतो, वरून रेड ऑक्साईड आणि सिल्व्हर पेंट. पहिल्या वर्षी दोन्ही सारखंच चमकतं. दोन पावसाळे गेले की वेल्डिंगच्या जोडावर आणि कापलेल्या टोकाला तांबूस ओघळ दिसायला लागतात. काही ठेकेदार माल गॅल्व्हनाईझ आणतात, पण मापात चूक झाली म्हणून जागेवर कापतात आणि वेल्ड करतात. मग त्या ठिकाणचं गॅल्व्हनायझिंग जळून जातं. म्हणून विचारायचं: 'जोड नटबोल्टचे की वेल्डिंगचे?' नटबोल्टचे असतील आणि नटबोल्ट स्टेनलेस असतील तर उत्तम. वारा ताशी १५० किलोमीटर धरून डिझाईन केलंय का, हेही लिहून मागा. लिहून द्यायची वेळ आली की बोलणारे बरेच जण गप्प होतात.

उंचीचा मुद्दा तुमच्या आईंना विचारून ठरवा, तुम्ही ठरवू नका. आपल्याकडे गच्ची म्हणजे उन्हाळ्यात अर्धं स्वयंपाकघर. एका घरी आम्ही फूटभर उंचीचं स्ट्रक्चर ठरवून गेलो, तर घरातल्या आजी म्हणाल्या, "मंग पापड कोठे टाकाना?" बरोबरच होतं त्यांचं. वाळवण, कुरडया, रात्री झोपायला खाटा, सगळं तिथंच. सात-आठ फूट उंच स्ट्रक्चर केलं तर खालची जागा मोकळी राहते, सावलीही मिळते. पण जेवढी उंची जास्त तेवढा वाऱ्याचा जोर पायांवर जास्त, म्हणजे पाईप जाड हवेत, आडवे-तिरपे आधार हवेत, पाया मोठा हवा, आणि खर्च वाढतो. पैसे वाचवायचे असतील तर बुटकं. वाचवायचेही आहेत आणि उंचही हवंय, असं कोणी स्वस्तात देत असेल तर त्याच्या पाईपाची जाडी तपासा.

पाया कसा धरणार हेही विचारा. स्लॅबला भोक पाडून अँकर मारायचा, की वर काँक्रीटचे ठोकळे ओतायचे? दोन्ही चालतं, गच्ची कशी आहे त्यावर अवलंबून. जुना स्लॅब असेल, वॉटरप्रूफिंगचा कोबा केलेला असेल, तर मी भोक पाडत नाही. पुढच्या पावसात गळायला लागलं की ठेकेदार म्हणतो स्लॅब जुना, मालक म्हणतो तुझं भोक. आणि मागच्या धाब्यावर एकही पाय ठेवू देऊ नका. तिथं जागा मोकळी दिसते म्हणून सुचवणारे भेटतील. माती आणि लाकडाच्या माळवदावर वाऱ्याचा ओढा घेणारा खांब उभा करायचा नसतो, एवढं त्याला कळत नसेल तर पुढचं बोलणंच नको.

सावलीची पाहणी करायला माणूस मे महिन्यात आला तर त्याला सावली दिसणारच नाही. मेअखेरीस सूर्य आपल्या जवळजवळ डोक्यावर असतो. परीक्षा डिसेंबरची. आपलं अक्षांश २१ च्या आसपास, त्यामुळे डिसेंबरच्या ऐन दुपारीही सूर्य क्षितिजापासून साधारण ४५ अंशांवरच राहतो. पाच फुटी टाकीची सावली तेव्हा उत्तरेला पाच फूट पडते, आणि सकाळी नऊच्या सुमाराला दुपटीहून लांब, वायव्येकडे. एका पॅनेलवर सावली आली की एकाच वायरीत जोडलेल्या बाकीच्यांचंही उत्पादन घसरू शकतं. म्हणून पाहणीला आलेला माणूस टाकी, जिन्याची टोपी, शेजारचं कडुनिंब यांची दिशा बघतो का, की नुसती टेपनं गच्ची मोजून निघून जातो, हे वडिलांना बघायला सांगा. तेवढ्यावरून त्याच्या कामाचा अर्धा अंदाज येतो.

आता विजेचं. पॅनेलपासून इन्व्हर्टरपर्यंत डीसी केबल येते ती तांब्याची, सोलरसाठीचीच, निदान ४ चौरस मिलिमीटरची हवी. उन्हात टिकणारं तिचं आवरण वेगळं असतं. साधी घरगुती वायर तीन उन्हाळ्यांत तडकते. केबल पाईपातून गेली पाहिजे, आणि पॅनेलखालचे कनेक्टर स्ट्रक्चरला बांधलेले हवेत. स्लॅबवर लोळणारे कनेक्टर पावसाच्या पाण्यात बसतात, मग इन्व्हर्टर 'इन्सुलेशन फॉल्ट' दाखवतो आणि बंद पडतो. पावसाळ्यात सकाळी बंद, दुपारी आपोआप सुरू, अशी तक्रार आली की मी आधी तिथंच बघतो.

अर्थिंग तीन वेगळी हवीत: डीसी बाजूचं (पॅनेलकडचं), एसी बाजूचं (इन्व्हर्टरपासून घराकडच्या वायरिंगचं, थंड हवेच्या एसीचं नव्हे) आणि आकाशातून पडलेली वीज जमिनीत नेण्यासाठी लावलेल्या लाइटनिंग अरेस्टरचं. 'एकाच खड्ड्यात जोडून देतो, काही होत नाही' असं म्हणणारा नको. जमिनीप्रमाणे यात फरक पडतो. तुमच्याकडे तापीकाठची काळी माती असेल तर पावसाळ्यात अर्थिंग छान येतं, पण उन्हाळ्यात ती माती फाटते, रॉडपासून सुटते आणि मापाचा आकडा चढतो. सातपुड्याच्या पायथ्याशी मुरूम-खडक लागतो, तिथं मुळातच कठीण. म्हणून अर्थिंग टेस्टरनं मोजून आकडा कागदावर द्या म्हणायचं. पाच ओहमच्या आत हवा, आणि मोजणी कोणत्या महिन्यात झाली तेही लिहिलेलं हवं.

खेड्यातली एक अडचण शहरातले ठेकेदार विसरतात, ती म्हणजे व्होल्टेज. तुमचं घर डीपीपासून (गावच्या ट्रान्सफॉर्मरपासून) लांब, लाइनच्या शेवटाला असेल, तर दिवसा व्होल्टेज किती राहतं हे आधी बघावं लागतं. घरावरचा सोलर इन्व्हर्टर लाइनमध्ये वीज ढकलतो, आणि त्यासाठी त्याला लाइनपेक्षा थोडं वरचं व्होल्टेज काढावं लागतं. सर्व्हिस वायर जुनी, बारीक अॅल्युमिनियमची असेल, किंवा त्याच डीपीवर अजून चार घरी सोलर असेल, तर भर दुपारी व्होल्टेज मर्यादेच्या वर जातं आणि इन्व्हर्टर स्वतःला बंद करून घेतो. ऊन सगळ्यात चांगलं तेव्हाच उत्पादन शून्य. मग मालक कंपनीला शिव्या देतो, इन्व्हर्टर बदलून मागतो, आणि नवा इन्व्हर्टरही तसाच वागतो. चांगला ठेकेदार पाहणीच्या दिवशीच मीटरपाशी व्होल्टेज मोजतो, सर्व्हिस वायर बघतो, मंजूर भार किती आहे ते बिलावर वाचतो. जुन्या घरांना मंजूर भार एक किलोवॉटसुद्धा नसतो. तो वाढवून घ्यायचं काम कोण बघणार, हे आधी ठरलेलं बरं.

लाइट गेली की सोलरही बंद पडणार, हे आई-वडिलांना आताच सांगून ठेवा. साध्या ऑन-ग्रिड (महावितरणच्या लाइनला जोडलेल्या, बॅटरीशिवायच्या) पद्धतीत ते तसंच असतं, कारण खांबावर चढलेल्या लाइनमनला तुमच्या गच्चीवरच्या विजेचा झटका बसता कामा नये. घरात जुना बॅटरीचा इन्व्हर्टर असेल तर तो वेगळा चालू राहू द्या. बॅटरीसह हायब्रिड घ्यावं का, हे तुमच्याकडे लाइट किती वेळ जाते यावर आहे. दिवसाला तासभर जात असेल तर मी ते सुचवणार नाही.

इथवरचं सगळं कागदावर मागता येतं. पण कागद कोणीही चांगला करून देतो, म्हणून आता माणसाकडे वळू.

सूर्यघरच्या पोर्टलवर जिल्ह्याप्रमाणे नोंदणीकृत व्हेंडरची यादी आहे. तिघेही त्यात आहेत का ते पाहा. नसेल तर अनुदान नाही, विषय संपला. पण यादीत नाव असणं ही फक्त पहिली चाळणी. आपल्याकडे असं होतं की नोंदणी असते एका एजन्सीची, घरी येणारा माणूस दुसरा, आणि फिटर तिसऱ्याचे. नोंदणीवाला त्याचं नाव वापरायला देतो. मधला माणूस आज सोलर विकतो, उद्या आणखी काही. म्हणून तीन नावं जुळवा: करारावर कोणाचं नाव, पैसे जाणार ते खातं कोणाचं, बिलावरचा जीएसटी नंबर कोणाचा. तिन्ही पोर्टलवरच्या नावाशी जुळली पाहिजेत. एक जरी वेगळं निघालं तर पाच वर्षांच्या मोफत देखभालीची जी अट योजनेत आहे, ती कोणाकडे मागणार?

दुसरी गोष्ट खास आपल्या भागातली. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेमुळे शेतावर पंप बसवणारी खूप मंडळी तयार झाली. त्यातले बरेच आता घरावरच्या कामात उतरलेत. पंपाचा अनुभव वाईट नाही, पण तो घरावरच्या कामाचा अनुभव नव्हे. शेतातला पंप महावितरणच्या लाइनला जोडलेलाच नसतो. तिथं नेट मीटर (घेतलेल्या आणि लाइनला दिलेल्या, दोन्ही युनिटची नोंद करणारा मीटर) नाही, गच्ची गळायची भीती नाही, व्होल्टेजची भानगड नाही. कोणी 'आम्ही एवढे पंप बसवले' असं सांगितलं तर म्हणा, घरावरची दाखव. आणि त्याच्याकडे विद्युत ठेकेदाराचा परवाना आहे का, तेही बघा.

दाखव म्हणजे कोणती? मागच्या महिन्यातली नको. निदान दोन पावसाळे खाल्लेलं काम बघा, तुमच्या गावापासून वीस-पंचवीस किलोमीटरच्या आतलं. मोटर रिवाइंडिंगला कोणाकडे टाकायची हे आपण गावात कसं ठरवतो? ज्याच्याकडून भरून आणलेली मोटर पुन्हा लवकर जळत नाही, त्याच्याकडे. इथंही तसंच. ठेकेदाराकडून पत्ते घ्या, पण त्याला सोबत नेऊ नका. तुम्हाला सुट्टी नसेल तर एखादा चुलतभाऊ पाठवा. गच्चीवर जाऊन पॅनेलखाली वाकून बघायचं: वेल्डिंगला गंज आहे का, केबल लोंबतेय का, अर्थिंगची पट्टी स्ट्रक्चरला नीट कसलेली आहे का, ठोकळ्याला भेगा आहेत का. मग घरातल्या माणसाच्या मोबाइलवर महिन्यावार युनिट बघायचे. आणि सगळ्यात शेवटी एकच प्रश्न: बिघाड झाला तेव्हा फोन केल्यावर कोण आलं आणि किती दिवसांनी? 'बिघाड झालाच नाही' या उत्तरापेक्षा 'झाला होता, तिसऱ्या दिवशी पोरगा येऊन दुरुस्त करून गेला' हे उत्तर मला जास्त भरवशाचं वाटतं.

अॅपचा विषय तुम्हाला जास्त कामाचा आहे, कारण तुम्ही लांब. इन्व्हर्टर इंटरनेटला जोडला की पुण्यात बसून रोजचे युनिट दिसतात. गावच्या घरी वायफाय नसेल तर सिमकार्डवर चालणारं यंत्र मागा, त्याचं रिचार्ज कोण भरणार ते ठरवा. आणि मालकाचं लॉगिन तुमच्या मोबाइल नंबरावर करून घ्या. बरेच ठेकेदार ते स्वतःच्या नंबरावर ठेवतात. त्यांनी धंदा बदलला की तुमची नोंद त्यांच्याबरोबर गेली.

देखभालीत काय-काय येतं ते शब्दांत लिहून घ्या. पॅनेल धुणं बहुतेक त्यात येत नाही. कापसाचं जिनिंग किंवा वीटभट्टी जवळ असेल तर उन्हाळ्यात पंधरा दिवसांतून एकदा तरी धुवावं लागतं, नसेल तर महिन्यातून एकदा पुरतं. सकाळी लवकर, पॅनेल तापायच्या आधी. बोअरचं जड पाणी असेल तर धुतल्यावर वायपरनं ओढून घ्या, नाहीतर पांढरे डाग बसतात आणि ते पुढे निघत नाहीत. हे काम वडिलांनी या वयात गच्चीवर चढून करू नये, गावातलाच एखादा मुलगा लावा. इन्व्हर्टरची वॉरंटी किती वर्षांची हे सगळे सांगतात. बंद पडल्यावर तो कंपनीकडे पाठवायचा की कंपनीचा माणूस घरी येणार, आणि दरम्यान बदली इन्व्हर्टर मिळणार का, हे कोणी सांगत नाही. ते विचारा. इन्व्हर्टर बसवायची जागा सावलीतली, उत्तरेच्या भिंतीची. पश्चिमेच्या भिंतीवर लावला तर दुपारनंतर तो स्वतःच तापतो आणि वीज कमी देतो.

पैसे कसे द्यायचे यावर माझं मत ठेकेदार मंडळींना आवडणार नाही. ऑर्डरबरोबर वीस टक्क्यांपेक्षा जास्त देऊ नका. मोठा हप्ता माल घरी उतरल्यावर, सिरियल नंबर बघून. काम पूर्ण झाल्यावर उरलेले, पण निदान दहा टक्के नेट मीटर लागून चालू होईपर्यंत हातात ठेवा. लहान ठेकेदाराकडे भांडवल नसतं, तो जास्त आगाऊ मागेल. माणूस ओळखीचा, जुनं काम पाहिलेलं, तर थोडं सैल सोडायला हरकत नाही. कर्ज काढलंत तर बँक बहुधा परस्पर त्याच्या खात्यात भरते, तेव्हा शेवटच्या हप्त्याचं बँकेशी आधी बोलून ठेवा. आणि अनुदान ग्राहकाच्या खात्यात थेट येतं, ठेकेदाराच्या नाही. '७८,००० कापून उरलेलेच द्या, फक्त सही केलेला कोरा चेक ठेवा' असं कोणी म्हणालं तर दार दाखवा.

मग तिघांचं काय करायचं? तिसऱ्याला नम्रपणे नाही म्हणा. ३ किलोवॉटचं नवं कोटेशन घेऊन तो परत आला तर बघू. पहिल्याला दुसऱ्याचे मुद्दे, नाव झाकून, पाठवा आणि त्याच मुद्द्यांवर लेखी मागा. त्यानंतर त्याचा भाव १,६२,००० च राहिला तर मला आश्चर्य वाटेल, पण राहिला आणि जुनं काम चांगलं निघालं, तर त्यालाच द्या. महाग म्हणजे चांगलं, असंही काही नसतं. दुसरा आज पुढे आहे, पण त्याचं जुनं काम बघितल्याशिवाय नाही.

मात्र या सगळ्याच्या आधी आजोबांच्या नावाचं बिल. अर्ज ग्राहक क्रमांकावर होतो, आणि बिलावरचं नाव, अर्जदार, बँक खातं हे जुळत नसेल तर काम पूर्ण होऊनही अनुदान अडकतं. मृत्यूचा दाखला आणि ग्रामपंचायतीचा घराचा नमुना ८ चा उतारा काढा. उताऱ्यावर वडिलांचं नाव लागलेलं नसेल तर सुरुवात ग्रामपंचायतीपासून करावी लागेल, आणि काका-आत्यांची संमती लागली तर त्यालाही वेळ धरा. महावितरणकडे नाव बदलून नवं बिल वडिलांच्या नावानं आलं, की मगच पोर्टलवर अर्ज करा. 'नाव नंतर बदलू, आधी पॅनेल लावून टाकू' असं तिघांपैकी जो म्हणेल, तो आपोआप यादीतून गेला.